दुकानाच्या दारातले बंदुकांचे खुंटाळे

मित्रांनो, मी एक जुने खुंटाळे आहे. तुमच्या घरी दारामागे माझे एखादे भावंड असेल. त्याच्या अंगावर सदरे, छत्र्या आणि तुमची दप्तरे लोंबकळत असतील. माझ्या नशिबी मात्र बंदुका आल्या. हसू नका, अगदी खऱ्याखुऱ्या आणि सरकारी परवान्याच्या बंदुका!

माझे लाकूड सागवानी. मलबारच्या सागाचे एक गलबत कुवेतमध्ये अबू हलीफाच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले आणि त्याची एक फळी जयप्रकाश सामंतांनी उचलून आणली. जयप्रकाश मूळचे कुडाळचे. अबू हलीफातल्या एका मोठ्या किराणा दुकानाचा सगळा कारभार ते बघत. दुकानाचे मालक होते अहमदशेठ. पोरवयात ते वडिलांबरोबर मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला राहिले होते, त्यामुळे त्यांना हिंदी चांगले येई. १९७४च्या हिवाळ्यात जयप्रकाशांनी दुकानाच्या मागच्या अंगणात बसून मला करवतीने कापले, रंधा मारला, वर वळलेल्या खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक खुंटीला गोणपाटाची पट्टी गुंडाळली. बंदुकीला ओरखडा पडू नये म्हणून एवढी काळजी. मला तेव्हा माझाच हेवा वाटला.

त्यांची पत्नी सुहासिनी इस्पितळात नर्स होती. ड्यूटीवर जाताना ती डबा द्यायला आली आणि मला बघून हसायलाच लागली.

“बंदूक टांगूक खुंटाळा! गावात सांगलंय तर लोक हसतीत.”

जयप्रकाश हसले नाहीत. ते म्हणाले, “रिकामी आसा म्हणान सांगतत, तीच बंदूक माणसाक मारता, सुहास. आमच्या दादाचा काय झाला? पोत्याक टेकून ठेवलेली. भरलेली काय रिकामी, कोणी इचारूकच नाय.”

सुहासिनीचे हसू मावळले; आपला दीर कसा गेला, ते तिला ठाऊक होते. मला तेव्हा कळले, की हा माणूस बंदुकीला मनापासून भितो आणि मी त्या भीतीतून जन्मलेले आहे. आपल्या दुकानात बंदुकीने कोणाला इजा होऊ द्यायची नाही, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठीच हा सारा खटाटोप.

आता तुम्ही विचाराल, किराणा दुकानात बंदुका येतातच कशाला? तर थंडीत तिकडे पक्षी उतरत आणि शिकारी वाळवंटात निघत. जाताजाता तांदूळ, साखर, वेलची, बॅटरीचे सेल घ्यायला ते आमच्याकडे थांबत. खांद्यावरची बंदूक कोण कशाला उतरवणार? तशीच घेऊन आत येत. इकडे फ्लॅटमधल्या बायका दूध, पाव घ्यायला आलेल्या असत, त्या बिचाऱ्या डब्यांच्या रांगांआड सरकत. जयप्रकाशांनी मला दाराच्या आत, डाव्या हाताला ठोकले आणि खाली दूध पावडरचा एक रिकामा डबा ठेवला.

पहिला आला अबू मुतलक. उंच, वाळका, पिकल्या दाढीचा बेदुइन म्हातारा. खांद्यावर दोन नळ्यांची बंदूक, दुनळी. जयप्रकाशांना अरबी अजून धड येत नव्हते. बंदूक द्या, हे सांगायचे कसे? त्यांनी दोन्ही हात पुढे केले, शेजारणीच्या कडेवरचे मूल घ्यायला करतो तसे. म्हातारा क्षणभर बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला, त्याने बंदूक त्या हातांवर ठेवली आणि छातीला हात लावला.

अहमदशेठ गल्ल्यावर बसून हे पाहत होते. ते खो खो हसले.

“जयप्रकाश, तूने क्या किया मालूम है? इनके यहाँ तंबू में आने वाले की बंदूक घर का मालिक अपने हाथ से खंभे पर टाँगता है. फिर वो मेहमान हुआ. उसकी जान की जिम्मेदारी घर वाले की. अब खजूर खिला!”

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण आमच्या जयप्रकाशांच्या पाठीशी त्या दिवशी पाहुणा उभा राहिला. मग तोच दुकानाचा नियम झाला. दारात दोन्ही हात पुढे करायचे, “खाली?” असे विचारायचे, बंदुकीच्या नळ्या वाकवून काडतुसे काढायला लावायची, ती डब्यात टाकायची, बंदूक माझ्यावर आणि खजूर पाहुण्याच्या हातात. “खाली” म्हणजे रिकामी; हा शब्द अरबीतही आहे आणि हिंदीतही, म्हणून त्यांनाही कळे, यांनाही कळे. “खाली, वल्लाह!” असे अबू मुतलक दरवेळी शपथेवर सांगे आणि तरी जयप्रकाश नळीत डोकावून बघतच. म्हातारा त्यांना चिडवायचा, “सदीक, मित्रा, अल्लाची शपथ पुरत नाही का तुला?” जयप्रकाश मोडक्या अरबीत म्हणायचे, “शपथ पुरते बाबा, डोळे ऐकत नाहीत.”

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे. गिऱ्हाइके माझे कौतुक करत. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतले आपले मराठी इंजिनिअर शुक्रवारी येत, मुलांना माझ्यापाशी उभे करून म्हणत, “बघ, इथे बंदुकासुद्धा रांगेत राहतात.” एकदा नाशिकच्या एका बाईंनी घाबरून विचारले, “अहो, हे सुरक्षित आहे ना?” जयप्रकाशांनी काडतुसांचा डबा खुळखुळवून दाखवला. बाईंनी निवांतपणे बटाटे निवडले. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! गर्वाचे घर खाली, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते.

मग १९८३ उजाडले. त्या हिवाळ्यात कुवेत शहरात स्फोट झाले. दारोदार तपासण्या सुरू झाल्या, माणसे एकमेकांच्या पिशव्यांकडे बघू लागली. दुकानात बंदूक बघून आता बायका डब्यांआड सरकत नसत, सरळ परत जात. अहमदशेठ घाबरले. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी माझ्या सागवानी मनाला साक्षी ठेवून सांगते. त्यांनी एक चकचकीत पाटी करून आणली. अरबी, इंग्रजी आणि उर्दूत लिहिले होते: शस्त्र घेऊन आत येण्यास मनाई. शस्त्र गाडीत ठेवावे.

जयप्रकाशांनी पाटीवरचे इंग्रजी दोनदा वाचले. मग मालकांना म्हणाले, “अरबाब, एक लाइन और लिखवा दो. गाडी में रखने से पहले खाली करो.”

“दुकान के बाहर का मैं क्यों देखूँ?”

“गाडी में कोई पूछेगा नहीं, अरबाब.”

“तो मत पूछे. मेरे दरवाजे के अंदर बंदूक नहीं आनी चाहिए, बस. मेरा काम खतम.”

पाटी लागली. माझ्यावर झाडू आले, फडकी आली, एक फाटके स्वेटर आले. काडतुसांच्या डब्यात रबरबँड जमा झाले. दिवस फिरले की खुंट्यांवरचे सामानही फिरते. मी रुसले नाही, असे सांगितले तर खोटे ठरेल. पण माझ्या रुसव्याला कोण विचारतो?

अबू मुतलक आला आणि पाटीपाशी थबकला. नेहमीसारखे दोन हात पुढे आले नाहीत. जयप्रकाश मान खाली घालून उभे होते. म्हातारा परत फिरला, आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसला आणि त्याने हॉर्न वाजवला. तिकडे ही रीतच आहे. गाडीत बसून हॉर्न वाजवायचा, दुकानातल्या माणसाने सामान गाडीत नेऊन द्यायचे. पण जयप्रकाशांकडे त्याने दहा वर्षांत कधी हॉर्न वाजवला नव्हता. तो हॉर्न ऐकून जयप्रकाशांचा चेहरा उतरला. मला आजही तो आवाज सोसत नाही.

सामान पोचवायला दुकानात नझीर नावाचा पोरगा होता. तरी अबू मुतलकचे सामान जयप्रकाश स्वतः नेत. म्हणत, “त्यांचो मान आसा.” खिडकीतून ते खजूरही देत. पण गाडीच्या खिडकीतून बंदूक मागायची कशी? आता ते यजमान नव्हते, सामान पोचवणारे होते. पहिल्या एकदोन वेळा त्यांनी “खाली?” असे विचारले. म्हाताऱ्याने तोंड फिरवले. दुकानात ज्याचे हसू यायचे, तेच आता त्याला अपमानासारखे लागले असावे. जयप्रकाशांनी विचारायचे सोडले.

त्या दिवशी सकाळी तांदळाची गोणी होती. मी दाराच्या काचेतून सगळे पाहत होते. जयप्रकाशांनी पिकअपचे अलीकडचे दार उघडले. सीटवर मेंढीचे कातडे पसरलेले होते. त्यांनी गोणी खांद्यावरून उतरवून त्यावर टेकवली. गोणी घसरली, तिच्याबरोबर कातडे घसरले आणि कातड्याखालची दुनळी गाडीच्या तळाशी आपटली. नळ्यांची तोंडे उघड्या दाराकडे होती.

आवाज एवढा झाला, की फळीवरचे डबे हलले. तांदूळ रस्त्यावर सांडत राहिला. अबू मुतलक गाडीतून उतरला तो धावत नव्हता, रांगत होता. “या अखी, या अखी, माझ्या भावा,” असे ओरडत त्याने जयप्रकाशांचे डोके मांडीवर घेतले.

जयप्रकाशांना इस्पितळात नेले. अपघात विभागात त्या सकाळी सुहासिनीचीच ड्यूटी होती. ते परत आले नाहीत.

पोलिसांनी म्हाताऱ्याला नेले, जबाब घेतले, बंदूक आणि परवाना काढून घेतला आणि अपघात म्हणून सोडून दिले. सुहासिनी अस्थी घेऊन गावी निघायच्या आदल्या दिवशी दुकानात आली. माझ्या खुंटीवर जयप्रकाशांचे स्वेटर होते, तेच ते फाटके. तिने ते काढून घडी घातली. तेवढ्यात अबू मुतलक आत आला, रिकाम्या खांद्याने. पाटी लागल्यापासून त्याचे पाऊल पहिल्यांदा दाराच्या आत पडले. अहमदशेठनी तिघांसाठी थर्मासमधून कहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतली. म्हाताऱ्याने आपला पेला उचलून समोर जमिनीवर ठेवला आणि मान खाली घातली.

“पियो बाबा,” सुहासिनी म्हणाली.

तो हलला नाही. सुहासिनीला वाटले, तिच्या घरी सुतक आहे म्हणून हा तिच्यासमोर पीत नसेल.

अहमदशेठ हळूच म्हणाले, “बहन, ये इनका रिवाज है. जब तक तुम इसकी बात नहीं मानोगी, ये कहवा नहीं पिएगा.”

“कौनसी बात?”

“माफी माँगता है.”

सुहासिनीने त्या पेल्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते तिने पुसले नाही. मग तिने मान वर करून दारावरच्या पाटीकडे पाहिले.

“ये बोर्ड किसने लगाया?”

“मैंने,” अहमदशेठ म्हणाले.

“फिर आप कहवा कैसे पी रहे हैं?”

अहमदशेठचा हात ओठांपाशीच थांबला. त्यांनी पेला सावकाश खाली ठेवला.

सुहासिनी वाकली. तिने म्हाताऱ्याचा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या हातात दिला. “पियो बाबा,” ती पुन्हा म्हणाली. तो रडत रडत प्यायला. अहमदशेठनी खाली ठेवलेल्या पेल्याला तिने हात लावला नाही. स्वेटर पिशवीत घालून ती निघून गेली आणि अहमदशेठ त्या गार होत चाललेल्या पेल्यासमोर बसून राहिले.

मित्रांनो, पाट्या वाईट नसतात. आपल्या दारात बंदूक नको, असे म्हणणाऱ्या माणसाचेही मला पटते. पण धोक्याची वस्तू दाराबाहेर घालवली म्हणजे धोका सरला, असे समजू नका. दाराबाहेरही कोणाचे तरी बाबा उभे असतात, कोणाचा तरी नवरा सामान उचलत असतो. तेव्हा नियम करा, पण त्या पलीकडे चार पावले चालत जा आणि विचारा. समोरच्याने तोंड फिरवले तरी विचारा. त्या सकाळी “खाली?” असे कोणीच विचारले नाही, आमच्या जयप्रकाशांनीही नाही.