सुनेची पेटी

बुवा आठवडाभर गोदामात खोकी उचलत आणि रविवारी गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये कीर्तन करत. परमुलखात आपल्या माणसांच्या कानी देवाचं नाव पडावं, एवढीच हौस. पेटीवर सून. तीही इथे परकीच, पण पूर्वी बुवांच्या मुलखातला एक सरदार ज्यांच्याशी लढला, त्या लोकांतली. लग्न नवऱ्याच्या प्रेमापायी केलं आणि पेटी शिकली सासऱ्याच्या. बुवांचा श्वास कुठे तुटतो, हे त्यांच्याआधी तिला कळे.

मंडळाचे सेक्रेटरी इलेक्ट्रिशियन. त्यांचं म्हणणं, पोरं शाळेत मान खाली घालून बसतात, भक्ती पुरे झाली, आता आपल्या त्या सरदाराचं आख्यान लावा, रक्त कसं सळसळलं पाहिजे. बुवांनी मान डोलावली. शूर माणूसही देवाचाच.

हॉल खच्चून भरला. लढाईला पहिली टाळी पडली, मग पडतच राहिली. टाळी देवाला पडली की आपल्याला, हे गाणाऱ्याला कळत नाही. पडलेल्या शत्रूवर सरदार आपला शेला पांघरतो, तो प्रसंग बुवांनी गाळला आणि पदरचंच ठोकून दिलं, की त्या लोकांच्या आया पळपुटेच जन्माला घालतात. हॉल हसून लोटपोट. पेटी थांबली नाही. सुनेने भैरवीपर्यंत साथ दिली.

दुसऱ्या दिवशी नात फोनवर आपल्या आईच्या आईशी बोलत होती. आजी, तू पळपुटे जन्माला घालतेस ना, आबांनी सांगितलं, असं तिने कौतुकाने विचारलं. पलीकडे आजी हसली. मग गॅसवर दूध आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

बुवा स्वयंपाकघरात गेले. "चुकलो गं. टाळ्यांनी डोकं फिरलं माझं."

सुनेने आधी चहा पुढे केला. "तुमच्यावर राग नाही, बाबा."

"मग रविवारी येशील?"

"पेटी गाणाऱ्याच्या मागून जाते. तुम्ही तिथं गेलात आणि मीही सुरात आले. तेच सलतंय."

बुवांच्या चहावर साय धरली.

रविवारी सेक्रेटरींनी दुसरा पेटीवाला आणला. मागच्या वेळचं ते वाक्य होऊ द्या, अशी पुढच्या रांगेतून फर्माईशही केली. बुवांनी नुसतं नाम धरलं. हळूहळू खुर्च्या सरकू लागल्या, माणसं चपला शोधू लागली. नव्या पेटीवाल्याला वाटलं, बुवांचा आवाज बसलाय. तो बिचारा जोर लावून वाजवत राहिला.