आवणीच्या बदल्यात दोन पोरं

मंगळवारी साहेब पट मोजायला येणार होते आणि आमच्या पाड्याच्या शाळेत पोरं होती अकरा. वरून कागद आला होता : मंदी आहे, खर्च आवरायचा, दहाच्या आत पट असेल त्या शाळेचं अनुदान बंद. पोरांनी हायवेपलीकडच्या शाळेत जायचं. तो हायवे मी रोज बघते. गुजरातकडून येणारे ट्रक तलासरीला ब्रेक लावायचा असतो हे विसरूनच येतात. आणि माझी रविना दुसरीत. अजून चपला उलट्या घालते.

अकरा म्हणजे पुष्कळ, असं मी शाळेच्या समितीत म्हणाले. तेव्हा शाळेच्या शिक्षिका सुषमाबाई हळूच म्हणाल्या, "भिकी सोमवारी वीटभट्टीवर निघालीय. चैत्या आणि तानीला घेऊन."

म्हणजे नऊ.

नोटबंदीपासून भिकी कामाला जायची तो फुग्यांचा कारखाना आठवड्यातून दोन दिवस चालायचा. ती तरी काय करणार? मी तिच्या घरी गेले तेव्हा ती गोधडीत भांडी बांधत होती.

"पोरं माझ्याकडे ठेव," मी म्हणाले. "तुला काही द्यायला नको. तेवढीच मदत."

"मदत?" तिनं गाठ करकचून आवळली. "माझी पोरं काय कोणाच्या दारची हायेत? शालेची गिनती भरायला पायजेत, तसं बोल ना."

खरंच होतं. बी.ए. होऊनही एवढं सरळ वाक्य मला जमलं नव्हतं.

शेजारची रखमीआजी दारात नागली पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "सावड करा. शेतात करता, पोरांत नाय होत?"

आमच्याकडे आज तू माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुझ्या. ती सावड. त्यात उपकार कुणाचाच नसतो. भिकीचे हात थांबले.

"पावसात तुझे सासऱ्याची भाताची आवणी मी करीन," ती म्हणाली. "सगळी."

"सगळी कशाला? अर्धी मी लावते."

"तू?" भिकीनं आजीकडे बघितलं. "आजे, गेल्या साली हिनं लावलेली रोपं सांजच्याला पाण्यावर तरंगत होती ना?"

"बेडकं बसली होती वर," आजी म्हणाली.

"बरं, सगळी तूच लाव," मी म्हणाले.

मंगळवारी साहेबांनी दोनदा मोजलं. मधेच चैत्या पाणी प्यायला उठला, तेव्हा मी खिडकीबाहेरून त्याला डोळ्यांनी खाली बसवलं.

"अकरा," साहेब म्हणाले. "यंदा राहिली तुमची शाळा, बाई." सुषमाबाईंनी लगेच खिचडी वाढायला घेतली. साहेबांना दोन पळ्या जास्तच पडल्या.

गुरुवारी संध्याकाळी भट्टीवरून भिकीचा फोन.

"पोरं रडत नाय ना?"

"तुझी नाही रडत. रविना रडतेय. तानी तिला माझ्या कुशीत शिरूच देत नाही."

पलीकडून भिकी मग म्हणाली, "पावसाआधी तुझं अंगण पण सारवून देईन."