पायरीवरची बाटली

अगाफ्याने आपल्या ट्रकच्या नुकत्याच भरलेल्या दुसऱ्या टाकीतलं अर्धा लिटर डिझेल काचेच्या बाटलीत काढलं, बूच घट्ट बसवलं आणि बाटली डेपोच्या कचेरीबाहेर पायरीवर ठेवली. ती दार उघडून आत आली, तसं गुडघाभर पांढरं धुकंही तिच्याबरोबर आत शिरलं.

"दार लावा आधी," डेपोप्रमुख प्रोकोपी टेबलामागून म्हणाला. "बारा वाजले. दहाला निघायचं होतं तुम्हाला."

"बाटली बघते आणि निघते."

बाहेर उणे बावन्न होतं. आवारात सहा ट्रक उभे होते आणि सहाही चालू. याकूतियात नोव्हेंबरमध्ये सुरू केलेलं इंजिन मार्चपर्यंत कोणी बंद करत नाही. जेवताना नाही, झोपताना नाही. एकदा गार पडलेला ट्रक ओढून गरम गॅरेजात न्यावा लागतो, दोन दिवस तापवावा लागतो, आणि गॅरेजात जागा एकाचीच. त्या सहा इंजिनांच्या थरथरीने कचेरीतल्या चहावर सदोदित बारीक वर्तुळं उठत.

हीटरपाशी आयताल माशाचं सूप ओरपत बसला होता. ट्रक चालवायला तो अगाफ्याच्याच शेजारच्या सीटवर शिकला होता.

"मावशी, पायरीवर वोडका ठेवली असतीस तर एव्हाना गायब झाली असती."

"म्हणून तर डिझेल ठेवलंय. तू इथे आहेस हे माहीत होतं."

प्रोकोपी हसला नाही. त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे हीटरच्या वर, त्याच डिझेलचा नमुना एका बाटलीत ठेवलेला होता. पाण्यासारखा नितळ.

"तपासणीचा कागद आहे माझ्याकडे. उणे पंचावन्नपर्यंत गोठत नाही."

"हीटरवर बसवलंत तर मीसुद्धा अशीच टवटवीत दिसेन, साहेब."

आयतालला ठसका लागला.

अगाफ्याने चहाचा पेला हातात घेतला. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती, अंगठ्याने ती थोटकं दाबत ती म्हणाली, "दोन पिंपं रॉकेल द्या. टाकी रिकामी करते, खाली रॉकेल ओतते, वरून डिझेल, म्हणजे गोठणार नाही. तासाभरात निघते."

"रॉकेल दिलं म्हणजे डिझेल खराब आलं असं लिहून द्यावं लागेल. ते चांगलं आहे म्हणून मीच सही केलीय."

"तुमची सही टाकीत ओतून चालणार असेल तर तीच द्या."

"पहिली टाकी तर गरम राहते ना?"

"राहते. इंजिनातून परतणारं डिझेल तिला ऊब देतं. दुसरीला कोण देणार? आणि दुसरी लागेल तेव्हा मी गोठलेल्या नदीवरच्या रस्त्यात असेन. तिथून दोन्ही बाजूंना दोनशे किलोमीटर घर नाही."

प्रोकोपीने घड्याळाकडे पाहिलं. "उलाखान-क्युयोलला पीठ पोचायचंय. गावातले लोक वाट बघतायत."

"पोचायचंय म्हणूनच म्हणते."

चाळीस मिनिटांनी ती बाहेर जाऊन बाटली घेऊन आली. टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी, उलटी धरली. आत मेणासारखा पांढरट गोळा झाला होता. तो खाली आला नाही.

प्रोकोपीने बाटलीवरून नजर काढली. मग त्याने हात पुढे केला.

"ट्रकचे कागद ठेवा. आयताल नेईल."

अकरा हिवाळे तो ट्रक तिच्याकडे होता. तिने कोटाच्या आतून कागद काढले, टेबलावर ठेवले, घडी सपाट केली आणि त्यावर बाटली उभी केली.

"ट्रक तुमचा आहे, घ्या. पण या डिझेलवर मी जाणार नाही. आणि आयताल परत आला नाही तर ही बाटली मी कुठे कुठे दाखवेन, तेही ऐकून ठेवा."

आयताल उठला. तिच्याकडे न बघता त्याने बाटली उचलली, उलटी केली, सरळ केली, परत ठेवली. खालचे कागद काढून घेतले.

"सीटखाली घोंगडी आहे ना, मावशी?"

"दोन आहेत," ती म्हणाली.

तो गेला. धुकं आत आलं आणि विरलं.

"बघा," प्रोकोपी म्हणाला. "तरुण पोरं वाद घालत नाहीत."

अगाफ्या खुर्चीत बसली. खिडकीवर बोटभर बर्फ होतं; बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. बाकीचे चौघे आपापल्या केबिनमध्ये होते. सकाळी सगळ्यांनी त्याच पंपावर टाक्या भरल्या होत्या. आपल्या ट्रकचा आवाज तिला सहांतही ओळखू येई. थोडा घोगरा, दम लागल्यासारखा. ती गिअर पडण्याची वाट बघत होती.

गिअर पडला नाही. घोगरा आवाज थांबला.

प्रोकोपीने मान वर केली. "निघाला?"

जरा वेळाने आयतालच्या स्वतःच्या ट्रकचा आवाज थांबला. मग कुंपणाकडचा एक. बाहेर कोणीतरी केबिनच्या दारावर थापा मारत, एकेका ट्रकपाशी थांबत चाललं होतं.

"इंजिनं बंद करतायत! वेड लागलंय का यांना? गॅरेजात जागा एकाची..." प्रोकोपी खिडकीशी जाऊन नखांनी बर्फ खरवडू लागला. "सांगा त्यांना काहीतरी!"

चौथा थांबला. पाचवा.

अगाफ्याने हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि टेबलावरच्या पेल्याकडे पाहिलं. वर्तुळं विरळ होत गेली. मग चहा हलायचा थांबला.