सूर्याचे खळे आणि म्हातारी तोफ

तोफ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे किल्ला येईल, मित्रांनो. मी तसली नाही. मी एक जुनी बर्फाची तोफ आहे. फिनलंडच्या उत्तरेला होंकावारा नावाची टेकडी आहे. तिच्या उतारावर लोक पायांना लांब पट्ट्या बांधून घसरतात. आभाळाने हात आखडता घेतला की तिथे बर्फ पाडायचे काम माझे. पोटात मोठा पंखा, तोंडाभोवती बारीक तोट्यांचे कडे, मागे पाण्याचा पाइप आणि खाली दोन चाके, एवढाच माझा देह. स्वभाव मत्सरी. तो तसा का झाला, ते ऐका.

माझा जन्म इटलीतल्या डोंगराळ भागातल्या एका कारखान्यात झाला. दिवस उन्हाळ्याचे होते. कामगारांनी मला अंगणात ओढले आणि पहिल्यांदा पाणी सोडले. उन्हाळ्यात बर्फ कसला होणार? नुसते तुषार उडाले. पण सूर्य माझ्या पाठीशी होता, आणि त्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटले, रंग उधळणे हेच आपले काम.

मग मला इथे आणले. इथे तोटीतून निघालेला थेंब जमिनीवर पोचेपर्यंत गोठून जाई. पांढरे, पांढरे आणि पांढरेच. रंगाचे नाव नाही.

माझी देखभाल यालमारीकडे होती. माझ्या तोट्या वरचेवर गोठतात, म्हणून तो रबरी हातोडा घेऊन शेजारीच उभा राही आणि हळूच ठोके देई. मी कोरी होते तेव्हापासून तो मला ‘म्हातारे’ म्हणतो. त्याची थोरली बहीण रौहा पायथ्याच्या खानावळीत माशाचे सूप रांधत असे.

कडाक्याच्या सकाळी खालच्या मैदानातून आरडाओरडा ऐकू येई. “अरे, सूर्याला खळं पडलंय!” “तीन-तीन सूर्य! लवकर या!” सगळे माना वर करून सूर्याभोवतीचे ते तेजाचे कडे बघत उभे राहत. मला मात्र काही दिसत नसे, कारण मी माझ्याच पांढऱ्या ढगात बुडालेली. माझा जळफळाट होई. घसा फोडून बर्फ पाडायचा मी, आणि वाहवा त्या सूर्याची! तो तर भर हिवाळ्यात इथे तोंडही दाखवत नाही. रौहालाही खळे दिसत नसे. चूल बारीक करून, हात पुसून ती बाहेर येईपर्यंत ते विरून गेलेले असे. आम्हा दोघींत फरक इतकाच, की तिला ते एकदा पाहायचे होते, आणि मला ते कुणालाच दिसायला नको होते.

पुढे नव्या तोफा आल्या. पिवळ्याधमक. थंडी आणि वारा आपणच मोजणाऱ्या, हातोड्याची गरज नसलेल्या. मला शेडमागे ताडपत्रीखाली ढकलले. यालमारी त्यांच्या अंगावरून फडके फिरवी, तो आवाज मला ताडपत्रीतून ऐकू येई. तेव्हा मला सूर्याचाही विसर पडला, इतका मी त्यांचा हेवा केला.

गेल्या हिवाळ्यात रौहाने सूप रांधणे सोडले. ती आता दक्षिणेला, समुद्रकाठी, मुलीकडे राहायला जाणार होती. “तिकडे हिवाळा म्हणजे नुसता पाऊस नि चिखल,” ती भावाला म्हणे. “लहानपणी आईबरोबर तळ्यावर पाहिलं होतं ते खळं. जायच्या आधी एकदा दिसावं, एवढंच.” तिचे घर टेकडीखाली, त्याच गोठलेल्या तळ्याकाठी आहे. रोज सकाळी ती तळ्यावर जाऊन उभी राही. पण पिवळ्या तोफा एकदम सुटल्या की इतका दाट ढग खाली उतरे की सूर्याचा नुसता डाग दिसे. उतार भरले, तोफा थांबल्या, तर मागे राहिले पातळ धुके आणि त्यात फिकट, मुकाट सूर्य.

तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी टेकडीची व्यवस्थापक हेन्रिक्का यालमारीला म्हणाली, “ती जुनी तोफ चालवून बघा. चालली तर मुलांच्या घसरगुंडीला ठेवू. नाही तर भंगारात जाऊ दे.”

ताडपत्री निघाली. यालमारीने पाइप जोडला. “म्हातारे, खोकू नकोस हं,” तो म्हणाला. मी खोकलेच. मग श्वास बसला. बऱ्याच वेळाने त्याचा फोन वाजला. इंजिनापाशी त्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून त्याचा फोन नेहमी मोठ्या आवाजात असतो.

“काय गं, सामान बांधून झालं?”

“सामान गेलं खड्ड्यात! खळं पडलंय, यालमारी! आहे तसा ये!”

त्याने मला बंद केले, आपल्या बर्फगाडीवर टांग टाकली आणि तो सुसाट खाली गेला. मी तिथेच धुमसत राहिले. पुन्हा सूर्यच! माझी एवढी परीक्षेची घडी, तीही त्याने पळवली.

यालमारी परतला तो पडलेल्या चेहऱ्याने. “पोचलो तर काही नाही,” तो मला म्हणाला. “आणि ती म्हणते, तुझं थोबाड बघूनच पळालं.” परीक्षा अर्धी राहिली होती, म्हणून त्याने मला पुन्हा सुरू केले. काही वेळाने फोन परत खणखणला.

“पुन्हा आलंय! आता तरी धाव!”

त्याचा हात माझ्या बटणावर आला आणि तिथेच थबकला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग वारा तळ्याकडे वाहतो आहे हे पाहिले. “रौहा, थांब. एक गंमत करतो. तू फक्त बघत राहा.” त्याने पाणी आणि हवा तोडली.

थोडा वेळ गेला. मग रौहा ओरडली, “अरे, विझतंय! काय केलंस तू?”

त्याने मला सुरू केले आणि हातोडा हातात घेऊन वाट पाहिली.

“आलं,” रौहा हळूच म्हणाली.

“सूर्याचं काही नाही गं. ही आपली म्हातारी करतेय!”

“सकाळी सकाळी घेतलीस की काय?”

घेतली नव्हती, मित्रांनो. तळ्यावरचे ते धुके गोठणबिंदूच्या खाली जाऊनही पाणीच राहिलेले होते. गोठायला त्याला निमित्त हवे होते. माझे बर्फाचे सूक्ष्म कण वाऱ्याने तिथे जात, आणि प्रत्येकाभोवती सहा बाजूंचा स्वच्छ स्फटिक सावकाश वाढे. त्यांतून जाताना सूर्याचा प्रकाश वळे. खळे ते हेच. नव्या तोफा एकदम सुटल्या की फार गर्दी होई. मी एकटीच होते, म्हणून मोजके स्फटिक आणि मधून सूर्य. इतकी वर्षे मी ज्याच्यावर जळत होते, त्यात माझाच हात होता.

“मग तिला चालू ठेव,” रौहा म्हणाली.

“तिच्या तोट्या ठोकायला मला इथेच राहावं लागेल. मला कधी दिसणार?”

“नाही दिसलं तर राहू दे. मी जन्मभर सूप ढवळलं आणि बघितलं तुमच्या गिऱ्हाइकांनी. आज माझी पाळी.”

यालमारी हसला, पण त्याचा चेहरा मी पाहिला. तो माझ्यासारखाच मत्सरी झाला होता. मग त्याने फोन माझ्या टपावर ठेवला. “बरं, निदान सांग तरी. आम्हा दोघांनाही सांग.”

रौहा सांगू लागली. सूर्याभोवती मोठे कडे. त्याच्या दोन्ही अंगांना दोन धाकटे सूर्य, आतल्या बाजूने लाल. माथ्यावर पंख पसरलेल्या पाखरासारखी उजळ कमान. आणि सगळ्यांमधून आडवी गेलेली एक पांढरी रेघ. ती सांगत होती, यालमारी ठोके देत होता. मी एकदाही खोकले नाही.

“आईबरोबर पाहिलं होतंस, तसंच आहे?” यालमारीने विचारले.

“तसंच. फक्त तेव्हा आई म्हणाली होती, आता थंडी वाढणार, बघत काय बसलीस, माशांचं जाळं गुंडाळ.” मग ती नाक ओढून म्हणाली, “आज कुणी उठवत नाहीये. चालू दे.”

आता मी मुलांच्या घसरगुंडीपाशी असते. यालमारी तोट्या पुसतो, मुले माझ्या चाकांवर चढतात. मत्सर संपला का? नाही. ऐकलेले खळे पाहिलेल्या खळ्याची भूक भागवत नाही. दूर तळ्यावर कुणी ओरडले की अजून माझा पंखा जरा रागाने फिरतो.

म्हणून एक मागणे आहे, मित्रांनो. काही सुंदर दिसले तर पोटभर बघा. मग ज्या दिशेने वारा येतो आहे, त्या दिशेला थोडे चालत जा. तिथे कुणीतरी स्वतःच्याच धुरळ्यात उभे राहून घरघरत असेल. त्याला तेलपाणी करा, हातोडा हळू मारा, आणि तुम्ही काय पाहिले ते त्याला सांगा.