दिवसाला दिवस : एका निळ्या लसपेटीची कहाणी

माझी पणजी काचेचा थर्मास होती. पोटात बर्फाचे खडे घेऊन ती गावोगाव फिरली आणि एका ओढ्यात पाय घसरलेल्या माणसाबरोबर पडून फुटली. आजी थर्माकोलची. उंदरांनी तिचे कोपरे कुरतडले, तरी तिने गारवा सोडला नाही. आई दोन आईसपॅकची लहानशी पेटी. आणि मी चार आईसपॅकची, निळ्या अंगाची, पांढऱ्या झाकणाची लसपेटी. मित्रांनो, घराणे सांगून झाले. आता ताठ बसा आणि ऐका.

कर्जत तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी बारा वर्षे राबले. पळसदरीपासून घाटातल्या ठाकुरवाडीपर्यंत किती लेकरांची लस माझ्या पोटातून गेली, ते सांगत नाही. बढाई मला शोभत नाही. पण माझ्या झाकणाला कोणी उगाच हात लावलेला मला कधी खपला नाही, हे ठणकावून सांगते.

मला मोटारसायकलवरून नेणारे इद्रिसभाई मला 'बेगम' म्हणत. रस्ता संपला की पट्टा खांद्यावर टाकून ते चढण चढत आणि दर खेपेला कुरकुरत, "बेगम, वजन वाढलं हाय तुमचं!" वर टोचायला बसत त्या दर्शनाताई, आमच्या नर्सबाई. त्यांच्यासारखा हलका हात आणि कडक शिस्त मी दुसऱ्या कोणातही पाहिली नाही. तरीही एकदा त्या चुकल्या, आणि ती चूक माझ्या पोटात घडली.

फ्रीझरमधून काढलेले आईसपॅक लगेच माझ्यात भरायचे नसतात. त्यांना घाम फुटेपर्यंत, हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत, अर्धा तास तरी, बाहेर ठेवायचे असते. लस गार हवी, पण ती गोठली की मेली. त्या नोव्हेंबरात घाटातल्या एका वाडीतली माणसे वीटभट्ट्यांवर निघायच्या बेतात होती. ती पांगण्याआधी गाठावीत म्हणून दर्शनाताईंनी तो अर्धा तास वाचवला.

वाडीत अकरा आया कामाचा दिवस मोडून बसल्या होत्या. ताईंनी पहिली कुपी उचलली, उन्हात धरली. आत बर्फाचा खडा. दुसरीत तेच. घटसर्प आणि डांग्या खोकल्यापासून राखणारी लस वाया गेली होती. मित्रांनो, ती पाघळल्यावर टोचली असती तर एकाही आईला कळले नसते. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. लस गोठली. आज एकाही बाळाला टोचणार नाही."

भागी नावाची ठाकर आजी आपला नातू ऋतिक मांडीवर घेऊन बसली होती. अडीच महिन्यांचा जीव. ती उसळलीच.

"आमचा दिस खाल्लास की गं, बाय! आमच्यात दिसाला दिस फेडत्यात. माज्या शेतात कोन राबला, तर मी त्याच्या शेतात राबते. तू कशी फेडशील?"

"फेडीन, आजी. लसही देईन आणि दिवसही."

"बोलाया काय जातंय!"

आठवड्याने आम्ही परत गेलो. दहा बाळांना लस मिळाली. अकरावा ऋतिक मात्र आई, बाप आणि आजीबरोबर भट्टीवर गेला होता. कुठल्या भट्टीवर, ते वाडीत कोणालाच ठाऊक नव्हते.

मग शोध सुरू झाला. ताईंनी दुसऱ्या आरोग्य केंद्रांना फोन केले, मुकादमांची नावे मिळवली. इद्रिसभाई प्रत्येक फेरीत भट्ट्यांवर विचारत. या लसीची सुरुवात बाळाला वर्ष व्हायच्या आत व्हावी लागते, म्हणून प्रत्येक महिना ताईंना बोचत होता. फेब्रुवारीत एका भट्टीवरचे लेकरू घटसर्पाने गेल्याची बातमी आली. त्या दिवशी ताईंचा जेवणाचा डबा उघडलाच नाही. तो ऋतिक नव्हता, हे कळायला दोन दिवस लागले.

मार्चमध्ये कुंभिवलीच्या पलीकडे एका भट्टीवर तो सापडला. धुळीत बसून विटेचा तुकडा चोखत होता.

मुकादम आडवा आला. "काम थांबवू नका, मॅडम."

इद्रिसभाई हसले. "तुमच्या विटा कुटं पळून जातात, शेट? पोराचा आजार मात्र थांबनार नाय."

भागी राखाडी हात झटकत पुढे आली. "ही तीच! दिस खाणारी!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आज तरी पेटी नीट भरलीस?"

ताईंनी कुपी तिच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

भागीने ती उन्हात धरली, हलवली, पुन्हा हलवली. आत बर्फ नव्हता, फक्त पाणी हलत होते. "टोच," ती म्हणाली आणि नातवाची मांडी स्वतः घट्ट धरली. एप्रिलमध्ये दुसरा डोस तिथेच झाला, मेअखेर वाडीत तिसरा. ऋतिकने ताईंच्या पदरावर मुतून निषेध नोंदवला.

त्यानंतर माझे बिजागर तुटले, पट्टा उसवला. नवी पेटी आली आणि कागदावर माझ्यापुढे 'बाद' लिहिले गेले. कोपऱ्यात झाडूंच्या शेजारी पडणे सोपे नसते. पण मी रडगाणे गात नाही. तुमच्या गावात माझी लेक आली, तर तिच्यावर बसू नका, तिचे झाकण उघडू नका आणि तिला वाहणाऱ्या माणसाला पाणी विचारा. ही विनंती नव्हे, आज्ञा समजा.

जुलैत एका पहाटे दर्शनाताईंनी मला कोपऱ्यातून उचलले. त्यांची रजा होती. लशीला मी बाद झाले होते, म्हणून प्रथमच माझ्या पोटात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आल्या. आम्ही वाडीत पोचलो तेव्हा भागीच्या उतारावर नाचणीची लावणी सुरू होत होती. ताईंनी पदर खोचला आणि त्या चिखलात उतरल्या.

"अगं, येडी झालीस काय?" भागी ओरडली. "मी तवा रागानं बोलले!"

"तुमच्यात दिवसाला दिवस फेडतात ना?"

भागीने रोपांची जुडी ताईंच्या हातात दिली. दुपारी ताईंची कंबर धरली, ओळ वाकडी गेली, भागीने ती उपटून पुन्हा लावायला लावली. झाडाखाली मी आणि ऋतिक शेजारी शेजारी बसलो होतो. तो माझ्या झाकणावर थापा मारत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाला रागावले नाही.

दिवस मावळला. ताईंनी शेवटचे रोप दाबले आणि पुढच्या तुकड्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं राहिलं. उद्याही येऊ का?"

भागीने त्यांचा चिखलाचा हात आपल्या हातात घट्ट धरला.

"नको गं, बाय. तुजा दिस फिटला. उद्या आलीस, तर तो दिस आमच्यावर उधार चडंल."