अक्कांना उतरवू नका

मित्रांनो, मी लातूरची एक जुनी अ‍ॅम्बॅसिडर आहे. वजन अकराशे किलोंच्या वर, रंग पांढरा, स्वभाव गरीब. माझे मालक शंकरप्पा, डाळमिलवाले. त्यांनी मला चाळीस वर्षं सांभाळलं. घरच्या प्रत्येक लग्नात मी होते. एकदा तर नवरदेवाआधी विभूती मला लागली. पण माझ्या हातून, म्हणजे चाकांतून, एक पाप घडलं.

गेल्या वर्षी औशाजवळच्या चढावर मला दम लागला. भार कमी करायला शंकरप्पांनी थोरल्या बहिणीला, गुरम्मा अक्कांना, उतरायला सांगितलं. आत चार माणसं होती. उतरल्या त्या एकट्या. आणि मी लगेच चढले, हे त्याहून वाईट झालं. मागच्या एसटीतल्या लोकांनी ते सगळं पाहिलं. गुरम्मा त्याच एसटीत बसून गेल्या आणि वर्षभर भावाशी बोलल्या नाहीत.

यंदा शंकरप्पांच्या लेकीचा, मंजुश्रीचा, साखरपुडा औशापलीकडे ठरला. गुरम्मांनी निरोप पाठवला, की येईन, पण त्याच गाडीत. पुन्हा उतरवलं तर मला भाऊ नाही.

मग माझ्या पोटात कोणतं इंजिन घालायचं, यावर घरात बैठक बसली. व्यंकटी मिस्त्रीला जीपचं डिझेल इंजिन हवं होतं, ताकद लई म्हणून. मंजुश्री पॉलिटेक्निकात शिकवते. ती म्हणाली, ते इतकं जड आहे की त्याच्यासाठीच कुणाला तरी उतरवावं लागेल. एका शेजाऱ्यानं बोअर पाडायच्या ट्रकचं इंजिन सुचवलं. त्याला चहा पाजून घरी पाठवलं. शेवटी माझ्याच धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्यानंतर निघालेल्या अ‍ॅम्बॅसिडरचं, अठराशे सीसीचं, पाच गिअरचं पेट्रोल इंजिन ठरलं. पन्नास घोड्यांचे पंच्याहत्तर झाले. मंजुश्रीनं आरटीओची परवानगी आणली आणि मिस्त्रीच्या कामांच्या यादीत एक ओळ वाढवली: पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक.

शंकरप्पांनी ती खोडली. "आपल्याला चढायचंय, पोरी. थांबायची घाई कोणाला हाय?"

साखरपुड्याच्या सकाळी गुरम्मा मागच्या सीटवर बसल्या. चढ आला. मी वर गेले, इतकी सहज की मलाच संशय आला. एक ट्रॅक्टरही मागे टाकला, आयुष्यात पहिल्यांदा. शंकरप्पांनी खुशीत मला उतारावर सोडलं.

पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा जळका वास आला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा काहीच आलं नाही. मंगल कार्यालय दिसलं. दारात आरती घेऊन उभे असलेले व्याही दिसले. मग ते मागे पडले.

"अप्पा, गिअर खाली घ्या," शेजारच्या सीटवरून मंजुश्री म्हणाली. "चौथा. आता तिसरा."

इंजिन किंचाळलं. मी मंदावले, थांबले नाही. पुढे रस्ताभर शेळ्या होत्या. शंकरप्पांनी मला कडेच्या सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगात घातलं.

धूळ बसली. सगळे धडधाकट होते. शंकरप्पांनी धावत येऊन मागचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. 'उतर' म्हणायची सोय नव्हती.

गुरम्मांनी केसांतलं भुसकट काढलं. "चढली की रं तुझी गाडी, शंकर," त्या म्हणाल्या. वर्षातलं पहिलं वाक्य. मग पाय खाली टेकवत म्हणाल्या, "आता मी माझ्या मर्जीनं उतरायलेय. तू सांगितलं न्हाईस. ध्यानात ठिव."

आता मला डिस्क ब्रेक आहेत. तेव्हा मित्रांनो, जुन्या गाडीला ताकद जरूर द्या, पण आधी तिला थांबायचं साधन द्या. आणि चढावर भार कमी करायचाच झाला, तर सुरुवात थोरल्या बहिणीपासून करू नका.