पकडीवरचं कुंकू

रणोजीरावांनी साखळी रॉकेलच्या परातीत आपटली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती इतकी करकचून घासू लागले, की ब्रशचे केस पिंजारले. साखळी जावयाच्या बुलेटची होती. खंडेनवमीला घरातलं वाहन आणि हत्यारं लख्ख करून पूजेला लावायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. दसऱ्याला हुणसूरहून आलेल्या जावयाचं वाहनही त्यात आलंच.

अंगणात त्यांची लेक तुंगा वाकून रांगोळी घालत होती. पदर सरकला आणि मानेखाली काळ्यानिळ्या डागांची एक ओळ दिसली. डाग सारख्या अंतरावर होते. रणोजीरावांनी हातातल्या साखळीकडे पाहिलं. कडीपासून कडी पाच सूत, डागापासून डागही तेवढाच. मोजायची गरजच नव्हती. उभा जन्म मोटरसायकली खोलण्यात गेलेला माणूस तो.

दोनदा ती माहेरी पळून आली होती, आणि दोनदा ‘पदरी पडलं, पवित्र झालं’ म्हणत त्यांनीच तिला हुणसूरच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. ते आठवून त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

“काफी!” ओट्यावरून जावई सयाजीराव ओरडला. राव होता तो नावातच.

तुंगानं लोटा आणून दिला. निवलेली होती म्हणे. त्यानं ती तिच्या तोंडावर फेकली, आणि ती डोळे पुसते न पुसते तोच अशी थप्पड हाणली, की ती रांगोळीत कोसळली. बांगड्या फुटून मनगटात रुतल्या. पांढऱ्या रेघांवर रक्त ठिबकू लागलं.

रणोजीराव उठले. साखळीचे दोन वेढे मुठीला केव्हा पडले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. रॉकेल कोपरापर्यंत ओघळत होतं. एकच फटका, कवटीवर. बास.

“अप्पा, सुम्ने, गप बसा,” तुंगा खालूनच म्हणाली. “तुम्ही एक माराल. मला तिथं दहा बसतील.”

“ऐकलंत ना, मामा?” सयाजीराव हसला. “गाडी आवरा. जेवण झालं की आम्ही निघणार.”

ते खाली बसले. साखळी पुसली, गिअर ऑइलात बुडवली, निथळवली आणि चाकावर चढवली. राहिली ती दोन टोकं जोडणारी कडी आणि तिच्यावर बसणारी नखाएवढी क्लिप. क्लिपचं एक टोक बंद, दुसरं फाकलेलं. तुंगा सात वर्षांची असताना त्यांनी तिला शिकवलं होतं, मासा कधी शेपूट पुढं करून पोहतो का? तसंच हे. साखळी धावते त्या बाजूला बंद तोंड. उलटी बसली तर भर वेगात क्लिप उडते, साखळी तुटून मागच्या चाकात अडकते आणि माणूस रस्त्यावर पडतो. आणि सयाजीराव तर हुणसूरच्या रस्त्याला ऐंशीच्या खाली येत नसे.

त्यांनी पकडीनं क्लिप बसवली. उलटी.

मग वर पाहिलं. मनगटाला चिंधी गुंडाळत तुंगा त्यांच्या हातांकडे बघत होती. ही पोर मागं बसणार! क्लिप काढून त्यांनी सुलटी बसवली आणि मनातल्या मनात स्वतःला भित्रा म्हातारा म्हणून घेतलं.

त्यांच्या बायकोनं, भवानीबाईंनी, हत्यारं पाटावर मांडली. पाने, हातोडा, पकड. प्रत्येकाला हळद, कुंकू आणि शेवंतीचं फूल. आता उद्या दशमीला पूजा हलेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. सयाजीरावानं कुंकवानं भरलेला कोहळा बुलेटपुढे असा आपटला, की लाल शिंतोडे तुंगाच्या साडीवर उडाले.

“उद्याची हत्तीवरची जंबूसवारी तरी बघून जावा की,” भवानीबाई पानं वाढताना म्हणाल्या.

“साकु, अत्ते, पुरे आता. तंबाखूची गाडी यायची आहे.”

तुंगा वाढायला नव्हती. गाडीला हार घालायचा राहिलाय, म्हणाली होती.

जेवून सयाजीराव अंगणात आला. “चल, बस.”

“तुम्ही पुढं व्हा. अम्माचं आवरून मी संध्याकाळच्या बसनं येते.”

“नाही आलीस तर घरी खुंटीला काय लटकतंय, ठाऊक आहे ना?”

“आहे,” तुंगा म्हणाली.

जावयाला प्रसाद द्यायचा म्हणून रणोजीराव पाटावरची नारळाची वाटी उचलायला वाकले. पकडीवरचं फूल बाजूला पडलं होतं. कुंकू पुसलं होतं. पकडीच्या तोंडाला ताजं ऑइल लागलं होतं. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. तुंगाच्या अंगठ्यावर काळं होतं, त्यात लाल मिसळलेलं. तिनं हात लपवला नाही.

बुलेट धडधडू लागली. नुसतं ‘थांबा’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. रणोजीराव अंगणात गेले आणि त्यांनी वाटी जावयाच्या हातात ठेवली.

“येतो, मामा.”

त्या उंबऱ्यावरून आजवर कुणीही ‘होगि बन्नि’ ऐकल्याशिवाय गेलं नव्हतं. जाऊन या, म्हणायचं. नुसतं ‘जा’ कधी म्हणायचं नाही.

“होगि,” रणोजीराव म्हणाले.

सयाजीरावाच्या ते ध्यानातही आलं नाही. गाडी गल्लीच्या वळणाआड गेली. आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

“अय्यो!” आतून भवानीबाई ओरडल्या. “खंडेनवमीला पकडीला हात कुणी लावला? कुंकू पुसलंय, बघा!”

तुंगानं तोंड उघडलं.

“मी लावला,” रणोजीराव म्हणाले.